मालूचं पाणी

वांगणीत मालूला पाण्यातलं कळतं, हे गावानं कधी बसून ठरवलं नव्हतं; ते आपसूकच ठरलं होतं. होळीच्या सुमाराला नदी आटते, वाळू उघडी पडते आणि बायका हंडे घेऊन मालूच्या दारात येतात. मालू त्यांच्यापुढे नदीत उतरते. वर बघते, खाली बघते, एखाद्या मोठ्या दगडाच्या कडेला वाळूत पाय रोवून उभी राहते आणि म्हणते, "इथं." मग तिथं हातभर खड्डा खणायचा. त्यालाच झिरा म्हणतात. पहिलं पाणी गढूळ येतं, ते उपसून टाकायचं; दुसरं टाकायचं, तिसरंही टाकायचं. चौथ्यांदा जे साचतं त्यात खालचा एकेक खडा मोजून घ्यावा. मालू त्यातलं ओंजळभर पिते, जिभेवर घोळवते आणि मान हलवते. तिनं मान हलवली की बाकीच्यांनी भरायचं. गावात टँकर येत नाही असं नाही. पण टँकरचं पाणी मालू गुरांना पाजते, आणि गुरंही ते उपकार केल्यासारखी पितात.

अशा बाईला एके दिवशी शाळेच्या सरांनी पाणी कसं प्यावं याचा कागद दिला.

कारण झाली तिची पोर. दिपिका आश्रमशाळेत नववीला होती आणि तीन हजार मीटर धावायची. ती इतकी का धावते याची गोड गोड कारणं वर्तमानपत्रवाले शोधून काढतील, डोंगर चढून हंडे वाहिले म्हणून पाय घट्ट झाले वगैरे. खरं असं की हंडे वाहायचा तिला मनस्वी कंटाळा होता, आणि शाळेत नाश्त्याच्या रांगेत पुढचा नंबर लागावा म्हणून ती पळायला शिकली. शिकली मात्र अशी, की जिल्ह्यात तिच्यापुढे कुणी उरलं नाही. मग सरकारी निवासी क्रीडाकेंद्राच्या निवडचाचणीचं पत्र आलं. सगळ्या राज्यातून सहा मुली घ्यायच्या होत्या. राहणं, खाणं, बूट, बारावीपर्यंतचं शिक्षण, सगळं केंद्राकडे. वयाची अट अशी की पुढच्या वर्षी दिपिका त्यात बसणार नव्हती. म्हणजे जे व्हायचं ते याच खेपेला.

नाही झालं तर काय होतं, ते मालूला कुणी सांगायला नको होतं. दहावी, आणि दहावी झाली की बापाच्या मागे वीटभट्टीवर. दिपिकाचा बाप रघु दिवाळी झाली की भट्टीवर जायचा तो थेट पावसाच्या तोंडावर परतायचा. मालू स्वतः पूर्वी त्याच्याबरोबर अकरा वर्षं गेली होती. विटा उचलून उचलून बाईच्या बोटांवरच्या रेघा पुसून जातात, हे तिला आधारकार्ड काढताना समजलं. मशीन तिचा अंगठा घेईना, आणि मशीनवाला पोरगा तिच्यावरच खेकसत होता. आपल्या पोरीच्या अंगठ्यावर रेघा राहाव्यात, एवढंच मालूला हवं होतं. मागणं काही फार मोठं नव्हतं.

चाचणी समुद्रकाठच्या एका शहरात होती. शहराचं नाव मी घेत नाही. उगीच तिथल्या लोकांना वाईट वाटायचं, आणि शहर कुठलंही असलं तरी त्याचे नाले शेवटी एकाच दिशेला जातात. मुलीबरोबर घरची एक बाई पाहिजे असा नियम होता, म्हणून मालू निघाली. शाळेतर्फे तुळशीदास सर होते. सर मूळचे पोशेऱ्याचे, खेळाचे शिक्षक, अंगानं काटक आणि स्वभावानं भयंकर जपणारे. पूर्वी ते असे नव्हते. दोन वर्षांपूर्वी अशाच एका स्पर्धेत जुलाब लागलेल्या मुलीनं हट्ट धरला म्हणून त्यांनी तिला धावू दिलं होतं. ती दुसऱ्याच फेरीत कोसळली आणि तीन दिवस डोळे उघडेना. पोर वाचली, पण सर त्या तीन दिवसांत म्हातारे झाले. तेव्हापासून त्यांचा कायदा होता, की पोट बिघडलेली मुलगी मैदानात उतरणार नाही, मग ती कोण का असेना. आणि तेव्हापासून प्रत्येक प्रवासाआधी ते घरच्यांच्या हातात एक छापील कागद ठेवत. समुद्रकाठच्या शहरात घ्यावयाची काळजी, नियम सतरा.

मालूला वाचता येत नव्हतं. शाळेच्या पायरीवर बसून दिपिकानं तिला सगळे नियम दोनदा वाचून दाखवले आणि ते मालूला पाठ झाले. वाचता न येणाऱ्या माणसाचं पाठांतर दांडगं असतं. त्याला विसरून चालत नाही. उघड्यावरचं खाऊ नये, कापलेली फळं घेऊ नयेत, बर्फ तोंडाला लावू नये. रस्ता पट्ट्यांवरूनच ओलांडावा. समुद्रात उतरू नये, भरतीचा भरवसा नसतो. उन्हात डोकं झाकावं, संध्याकाळी डासांपासून अंग झाकावं. सरांचा फोन नंबर चिठ्ठीवर लिहून पदराला बांधावा. आणि नववा नियम असा, की पाणी स्वच्छ असल्याची खात्री करूनच प्यावं. सरांना म्हणायचं होतं की होस्टेलमधल्या पाणी गाळणाऱ्या मशीनचंच प्यावं. पण मालूसमोर खात्री हा शब्द काढला, की ती खात्री तिच्या पद्धतीनं करणार, हे सरांच्या ध्यानात आलं नाही. ते सरांच्याच काय, कुणाच्याच ध्यानात आलं नसतं.

जीपनं जव्हार, जव्हारहून एसटी, पुढे आणखी एक एसटी, असं करत गुरुवारी दुपारी ती तिघं पोचली. समुद्र मालूनं पहिल्यांदाच पाहिला. एवढं पाणी, आणि त्यातलं घोटभर पिता येत नाही, हे ऐकून तिला त्या शहराची दया आली.

होस्टेल किनाऱ्यापासून पाच मिनिटांवर होतं. खोली चांगली होती, पंखा चालत होता, खिडकीला डासांची जाळी होती. मालूनं नियमांच्या हिशेबानं सगळं तपासलं आणि मग पाण्याकडे वळली. नळाच्या पाण्याला दवाखान्याचा वास येत होता. व्हरांड्यातल्या मशीनच्या पाण्याला वासही नव्हता आणि चवही नव्हती. तिच्या मते ते मेलेलं पाणी होतं. हे येतं कुठून, असं तिनं वॉचमनला विचारलं. त्यानं गच्चीवरच्या टाकीकडे बोट दाखवलं. टाकीच्या झाकणावर दोन कबुतरं बसली होती. टाकी धुतली कधी, असं मालूनं पुढे विचारलं, तेव्हा तो हसून म्हणाला, वो तो साहब लोग जाने, मौसी. मालूनं मनातल्या मनात नववा नियम लावून पाहिला आणि मशीन नापास केलं.

सर केंद्रातल्या कचेरीत नावं नोंदवायला गेले, दिपिका अंगावर पाणी घेत होती. मालू रिकामी बाटली घेऊन किनाऱ्यावर गेली. समुद्रात ती उतरली नाही. नियम होता, आणि तिला गरजही नव्हती. तिला वाळू हवी होती, ती तिथं मैलभर पसरलेली होती. वरच्या अंगाला सुरूची झाडं होती, त्यांच्यामागे एक लांबच लांब भिंत, तिच्यावर निळे मासे आणि हसणारं कासव रंगवलेलं. भिंतीपासून तीसेक पावलांवर वाळूचा एक पट्टा जरा ओलसर दिसत होता आणि त्यात हिरवं गवत उगवलं होतं. गवत आलं म्हणजे खालून गोडं पाणी चाललंय. हे वांगणीतलं शेंबडं पोरही सांगेल.

मालू बसली आणि नारळाच्या करवंटीनं खणू लागली. कोपरभर खोलीवर पाणी पाझरलं. तिनं पहिलं उपसून टाकलं, दुसरं टाकलं, तिसरं टाकलं. चौथ्यांदा पाणी स्वच्छ साचलं. तिनं ओंजळ भरून जिभेवर घोळवलं. गोड होतं. समुद्राच्या नाकावर टिच्चून गोड होतं. मालूला इतका आनंद झाला की तिनं मागे वळून पाहिलं, कुणाला तरी सांगावं म्हणून. फिरायला आलेला एक माणूस तिचा फोटो काढत होता. त्यानं अंगठा वर केला आणि तो निघून गेला.

मालूची चूक कुठं झाली ते इथंच सांगून टाकतो, कारण ते गुपित ठेवण्यासारखं नाही. गावात झिरा धरताना ती आधी वर बघायची. वरच्या अंगाला म्हशी बसतात का, कुणी कपडे धुतं का, काही मेलेलं पडलंय का, हे बघितल्याशिवाय तिनं आयुष्यात वाळूला हात लावला नव्हता. इथंही तिनं वर बघितलं. वर भिंत होती, भिंतीवर मासे होते. वांगणीत नदीच्या वर डोंगर असतो आणि डोंगराच्या मागे पुन्हा डोंगर. भिंतीच्या मागेही तसंच काहीतरी असणार, असं ती धरून चालली.

बाटली दिपिकाच्या हातात देताना तिनं सांगितलं की हे पाणी आपलं आहे, झिऱ्याचं, टाकीतलं पिऊ नको. दिपिकानं बाटलीकडे पाहिलं, मग आईच्या डोळ्यांत पाहिलं आणि म्हणाली, हो. थोड्या वेळानं बाटली रिकामी परत आली. शुक्रवारी मालूनं दोनदा भरून आणली, दोन्ही वेळा ती रिकामी झाली. पोरीची उंची झाली, वजन झालं, डॉक्टरांनी छातीला नळी लावून पाहिली, सगळं ठीक निघालं. सरांना झिऱ्याचा पत्ता नव्हता. मालूनं तो लपवला नाही. त्यांनी विचारलं नाही आणि तिला त्यात सांगण्यासारखं काही वाटलं नाही. श्वास घेतला हे कुणी कुणाला सांगत बसतं का?

धावणं शनिवारी दुपारी साडेचारला होतं. शनिवारी सकाळी दहाच्या सुमारास मालूच्या पोटात कळ आली.

पहिल्यांदा तिनं दुर्लक्ष केलं. दुसऱ्यांदा धावत जावं लागलं. बाराच्या आत ती सहा वेळा जाऊन आली, दोनदा उलटी झाली आणि पाय कापसासारखे झाले. दिपिका सरांबरोबर मैदानावर होती, हे एक बरं होतं. मालू खोलीत एकटी पडून राहिली आणि नियम आठवू लागली. आपला कुठला नियम मोडला? बर्फ नाही. कापलेलं फळ नाही. उघड्यावरचं काही नाही. येताना दिपिकानं भेळेकडे नुसतं पाहिलं तरी तिनं तिला पुढे ओढलं होतं. जेवण तर होस्टेलचं, तेच दिपिकानं खाल्लं, तेच सरांनी. डास नाही, ऊन नाही. सतराच्या सतरा नियम तिनं पुन्हा पुन्हा मोजले आणि प्रत्येक वेळी नववा आला की ती झटकन पुढे सरकली. चोर घरातलाच असला की माणूस आधी सगळं गाव धुंडाळतं.

शेवटी कुणालाच धरता येईना तेव्हा ती उठली. भिंतीला हात लावत खाली आली आणि किनाऱ्यावर गेली. झिरा जसाच्या तसा होता, पाणीही निवळशंख होतं. तिनं ते पुन्हा चाखलं नाही. ती झिऱ्यापासून वर चालू लागली, सुरूच्या झाडांतून, हसणाऱ्या कासवापर्यंत. तिथं भिंतीला एक खिंडार होतं. मालूनं त्यातून डोकं घातलं.

मागे नाला होता. काळा, रुंद, जागच्या जागी बुडबुडे सोडत पडलेला. पलीकडे चाळी आणि इमारती जिथवर नजर जाईल तिथवर होत्या, आणि प्रत्येकीतून एकेक पाइप नाल्यात उतरला होता. भिंतीच्या बुडाशी माती ओली होती. ती ओल भिंतीखालून अलीकडे आली होती आणि वाळूतून तिरकी खाली गेली होती, जिथं हिरवं गवत उगवलं होतं तिथंच.

मालू तिथंच बसली. तिला रडू आलं नाही. अंगात रडण्यापुरतं पाणीही उरलं नव्हतं. तिला फक्त दोन दिवसांतल्या तीन बाटल्या आठवल्या. तिनं स्वतः दर खेपेला ओंजळ दोन ओंजळीच प्यायलं होतं. पोरीनं भरलेल्या बाटल्या रिकाम्या केल्या होत्या. म्हणजे जे आपल्याला सकाळी सुरू झालं ते तिला आता होईल, नाही तर धावता धावता होईल. भर उन्हात, दुसऱ्या फेरीत. सरांनी त्या मुलीची गोष्ट एसटीत सांगितली होती, तीन दिवस डोळे न उघडल्याची.

सांगितलं तर सर पोरीला उतरू देणार नव्हते, आणि पुढची खेप नव्हती. नाही सांगितलं आणि पोरीला काहीच झालं नाही, तर सगळं जागच्या जागी राहणार होतं, आणि मालूला पाण्यातलं कळतं हेही राहणार होतं. मालूनं हा विचार केला. केला नाही असं म्हणणं खोटं होईल. जितका वेळ तिला उठून उभं राहायला लागला तितका वेळ तिनं तो केला. मग ती मैदानाकडे चालू लागली.

मैदान एरवी दहा मिनिटांवर होतं. तिला पाऊण तास लागला. रस्ता तिनं पट्ट्यांवरूनच ओलांडला.

चार वाजून गेले होते. मुली नंबर लावून उभ्या होत्या, सर कडेला घड्याळ घेऊन होते, आणखी दोन प्रशिक्षक, कागदवाली एक बाई आणि इतर मुलींच्या आया होत्या. मालूचा चेहरा पाहून सर पुढे धावले. मालूनं त्यांना बोलू दिलं नाही.

"सर, मी पोरीला वाईट पाणी पाजला," ती म्हणाली. "वाळूत झिरा खणला, तठला. वर नाला हाय. मी बघितला नाय. मला सकाळपासून लागलंय. तिला पळवू नका."

ती हे हळू बोलली नाही. हळू बोलायचं त्राण नव्हतं. एका दमात जेवढं निघेल तेवढं तिनं बाहेर टाकलं. आया एकमेकींकडे पाहू लागल्या. कागदवाल्या बाईनं वाळूतलं पाणी म्हणजे काय असं कुणाला तरी विचारलं, त्यानं ते समजावून सांगितलं, आणि तिनं तोंडाला पदर लावला. सरांचा चेहरा दगडासारखा झाला. त्यांनी दिपिकाला रांगेतून बाहेर बोलावलं आणि छातीवरचा नंबर काढायला सांगितला.

दिपिकानं नंबर काढला नाही.

"मी प्याले नाय," ती म्हणाली. "एक पण घोट नाय. बाथरूममध्ये ओतला. मी मशीनचा पित होते."

सर म्हणाले, आता धावायचंय म्हणून असं सांगतेस. दिपिका म्हणाली, नाही. सर म्हणाले, मग दोन दिवस आईला हो म्हणत होतीस ते काय होतं? एक तर तेव्हा खोटं बोललीस, नाही तर आता बोलतेयस. मी कुठलं धरू? दिपिका पायाकडे बघत उभी राहिली.

सरांचं चुकत होतं असं नाही. पोरगी साडेचौदा वर्षांची होती, आयुष्यातली एकच संधी समोर होती, आणि आधीच्या मुलीनंही असंच शपथेवर सांगितलं होतं की मला काही होत नाही. पोटात काय गेलं ते बाहेरून दिसत नाही. मैदानात तिचं खरंखोटं ओळखणारं एकच माणूस होतं, आणि ते आत्ता उभं राहायला खांबाचा आधार शोधत होतं.

मालू लेकीकडे बघत राहिली. दिपिका खोटं बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघते, हे मालूला ती तीन वर्षांची असल्यापासून ठाऊक होतं. गूळ कुणी खाल्ला विचारलं की ही पोर डोळ्यांत डोळे घालून सांगायची, मांजरीनं. खरं सांगायची वेळ आली की मान खाली. दोन दिवस बाटली हातात घेऊन तिनं आईच्या डोळ्यांत बघितलं होतं. आत्ता ती जमिनीकडे बघत होती.

मालूच्या छातीवरचं ओझं एकदम उतरलं, आणि त्याच वेळी दुसरं काहीतरी तिथंच येऊन बसलं. वांगणीतल्या एवढ्या बाया, एवढे उन्हाळे, पण तिनं मान हलवलेलं पाणी आजवर कुणी ओतून दिलं नव्हतं. पहिल्यांदा ओतलं ते पोटच्या पोरीनं. आणि ते ओतलं म्हणूनच पोर आज उभी होती. आता हे सगळ्यांसमोर म्हणायला हवं होतं, आणि ते म्हणणारी तीच एक होती.

"ती खरा बोलते, सर," मालू म्हणाली. "माझे पोरीनं माझा पाणी पिला नाय. मी आईस हाय तिची, मी सांगते. लिहून घ्या, मी अंगठा देते."

सरांनी मैदानावरच्या डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टरांनी दिपिकाची नाडी पाहिली, जीभ पाहिली, पोट दाबून पाहिलं आणि सांगितलं की आत्ता तरी हिला काही नाही, आईला मात्र ताबडतोब हलवा. सरांनी त्यांच्याच नियमांच्या कागदामागे दोन ओळी लिहिल्या. मालूनं अंगठा उमटवला. तो नुसताच एक निळा गोळा उमटला.

मग ती खाली बसली आणि पुढचं तिला नीट आठवत नाही. कागदवाल्या बाईनंच तिला रिक्षात घातलं आणि सरकारी दवाखान्यात नेलं. धावणं मालूनं पाहिलं नाही. ज्यासाठी एवढा आटापिटा केला ते बघायला मिळू नये, हे मालूच्या नशिबाला धरूनच होतं. हाताला सलाईन लागलं, पहिली बाटली संपून दुसरी चढली, आणि खिडकीतलं ऊन पिवळं झालं तेव्हा सर आणि दिपिका आत आली.

दिपिका पाचवी आली होती. सहा घेणार होते, म्हणजे ती घेतली गेली. सरांनी ते दोनदा सांगितलं आणि औषधं आणायचं निमित्त करून ते बाहेर गेले.

दिपिका खाटेच्या कडेला बसली. तिच्या गुडघ्यापर्यंत मैदानाची लाल माती होती. मालूनं सलाईन नसलेल्या हातानं ती थोडी झाडली. तिला खूप बरं वाटत होतं आणि तरी गप्प राहवेना.

"मला सांगितला का नाय?" तिनं विचारलं.

"तुला वाईट वाटला असता," दिपिका म्हणाली. "तू किती खुशीत होतीस. आणि मला वाटला, तू थोडाच पिशील."

मालूनं मान हलवली. मग तिनं जे विचारायचं होतं ते विचारलं.

"घरी तरी पितीस का माझा पाणी?"

दिपिकानं आईच्या डोळ्यांत पाहिलं नाही.

"पिते," ती म्हणाली. "उकळून. सुट्टीत घरी आले का उकळवते. तू रानात गेलीस का मग. धाकट्या भावंडांना पण तेच देते."

"कधीपासून?"

दिपिका हळूच म्हणाली, "ठकीचा बाळ गेला तवापासून."

ठकी म्हणजे त्यांच्या शेजारची. तिचं सात महिन्यांचं पोर गेल्या वैशाखात दोन दिवसांत गेलं, जुलाबांनी. गाव म्हणालं, ऊन बाधलं. मालूही तेच म्हणाली होती. त्या दोन दिवसांत ठकीच्या घरी नदीवरून पाणी भरून देणारी मालूच होती, आणि पोराच्या ओठांना चमच्यानं पाणी लावणारीही तीच.

"त्यानंच गेला का?" मालूनं विचारलं.

"ठाऊक नाय, आई," दिपिका म्हणाली. "खरंच ठाऊक नाय."

ती जमिनीकडे बघत होती. म्हणजे तिला खरंच ठाऊक नव्हतं. मालूला त्यानं काही सुटका वाटली नाही. ती बाटलीतून नळीत उतरणारे थेंब बघत पडून राहिली. सर औषधं घेऊन परत आले, नर्सशी बोलले आणि पुन्हा बाहेर गेले. मग मालूनं लेकीचा हात धरला.

"किती येळ उकळायचा असतो?" तिनं विचारलं. "नीट सांग. गेल्यावर आधी ठकीला सांगायला पायजे. दुसरा पोर हाय तिच्या पोटात."